गोड्या पाण्याचा पाहुणचार

नकार द्यायचा, हे फकिरराव पठाड्यांनी महिनाभरापूर्वीच ठरवलं होतं. राहिला होता तो फक्त पाहुणचार. पाहुण्यांना पोटभर जेवू घालायचं, सुपारी पुढं करायची आणि मग घसा खाकरून सांगायचं की आमचा काही विचार जमत नाही. उपाशीपोटी नकार ऐकवणं पठाड्यांच्या रीतीत बसत नव्हतं. जमिनी एमआयडीसीत गेल्या, माणसं करमाड सोडून संभाजीनगरात बीड बायपासला घरं बांधून राहिली, पण रीत तेवढी ट्रकमध्ये सामानाबरोबर चढवून आणली होती.

श्रेया, त्यांची एकुलती एक लेक, बँकेच्या नोकरीनं रायगडाकडच्या एका बंदरगावी जाऊन पडली होती. दोन वर्षांत बदली करून घेते म्हणून गेलेली पोर चौथं वर्ष लागलं तरी बदलीचं नाव काढीना, आणि शेवटी नाव काढलं ते सत्यमचं. त्याच बँकेतला, कोळ्यांचा मुलगा. शिकलेला, निर्व्यसनी, दिसायला बरा. नाव ठेवायला कुठं जागाच नव्हती, आणि फकिररावांना सगळ्यात जास्त राग त्याचाच होता. जातीचं ते स्वतःच्या तोंडानं कधी बोलत नसत. त्यासाठी त्यांनी सिल्लोडहून थोरल्या बहिणीला, कडूबाईला बोलावून घेतलं होतं.

कडूबाई दोन दिवस आधीच आली होती, आणि रिकाम्या हातानं आली नव्हती. तिच्या मोबाईलमध्ये सिल्लोडच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याच्या पोराचा फोटो होता. पोरगा नव्या गाडीला टेकून उभा होता. गाडी पूर्ण दिसेल आणि पोरगा जेमतेम दिसेल, अशा बेतानं फोटो काढला होता. कडूबाईनं तो घरातल्या प्रत्येकाला दाखवला, दूधवाल्यालाही दाखवला.

"इथून तासा-दोन तासावर हाये सिल्लोड," ती म्हणायची. "सणावाराला पोर डोळ्यापुढं राहील. समुद्राकाठी देऊन काय करतो, फकिरा? लेक आजारी पडली तर पोचायला रात्र जाईल तुही."

हे शेवटचं वाक्य फकिररावांच्या बरोबर वर्मी लागायचं. कडूबाईला ते माहीत होतं, म्हणून ती ते दर जेवणाला वाढायची.

पाहुणे सकाळी उजाडता उजाडता आले. रात्रभर गाडी चालवून सत्यम, त्याची आई जयवंतीबाई आणि श्रेया. गाडीतून मिठाईचे पुडे उतरतील या आशेनं कडूबाई पुढं झाली, तर उतरलं एक ओलं गोणपाट. ते हलत होतं.

"अगं माय! हे काय जितं आणलं?" कडूबाई चार पावलं मागं सरली.

"चिंबोऱ्या," श्रेया हसत म्हणाली. "खेकडे गं, आत्या. आम्ही दोघांनी धरलेत. दोन रविवार धक्क्यावर बसलो होतो त्यासाठी."

"आमच्या घरात पिढ्यानपिढ्या धंदा हाच," जयवंतीबाई पायातली चप्पल काढता काढता म्हणाल्या. "माझा नवरा पोटासाठी चिखलात उतरायचा. आता ही दोघं हौसेखातर उतरतात. एसीत बसून पगार घ्यायचा, आणि सुट्टीच्या दिवशी टोपी घालून खेकडे धरायचे. शेजारचे विचारतात, बँक बुडाली का म्हणून."

फकिररावांना ही बाई आवडली, आणि त्याचाही त्यांना रागच आला.

सत्यमनं गोणपाट उचलून मागच्या अंगणात जिन्याखाली सावलीत नेली. फकिरराव तिथंच होते. त्या दिवशी नळाला पाणी होतं, आणि आठवड्यातून एकदा येणारं पाणी सोडून पाहुण्यांच्या स्वागताला जाण्याइतका खुळा माणूस त्या अख्ख्या गल्लीत नव्हता. मोटार घरघरत होती. निळा ड्रम नुकताच काठोकाठ भरला होता.

"काका, आठवडाभर यांना धक्क्याला पिंजऱ्यात टांगून ठेवलं होतं," सत्यम अदबीनं सांगू लागला. "एक मेली नाही. पिंजरा भरती-ओहोटीच्या वाहत्या पाण्यात लागतो. खाली चिखलाला टेकू द्यायचा नाही, गर्दी करायची नाही, नांग्या बांधून ठेवायच्या. पण आता इथं पाण्यात नाही ठेवायच्या बरं का. साठलेल्या पाण्यात गुदमरतात त्या. ओलं गोणपाट आणि सावली, एवढंच पुरे."

"व्हय, व्हय," फकिरराव म्हणाले.

त्यांनी यातला एक शब्दही ऐकला नव्हता. जावई होऊ पाहणारा माणूस, फोनवर असो की समोर, बोलू लागला की दुसरीकडं लक्ष द्यायचं, असा त्यांचा महिनाभराचा नेम होता. तो त्यांनी उपवासाच्या निष्ठेनं पाळला होता. आत्ताही त्यांचं सगळं ध्यान मोटारीच्या आवाजाकडं होतं.

खेकडे टांगायचा तो पिंजरा त्यांनी एकदा पाहिलाही होता. मार्गशीर्षात न कळवता ते पोरीला घरी आणायला म्हणून तिकडं जाऊन थडकले होते. बँकेला सुट्टी. कुणीतरी म्हणालं, मॅडम धक्क्यावर असतील. तिथं पाहतात तर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांची लेक दोर ओढत होती. दोराच्या टोकाला जाळी लावलेली लोखंडी कडी, तिच्या मधोमध कोंबडीचे पाय बांधलेले, आणि त्यांना नांग्यांनी धरून बसलेला ताटलीएवढा खेकडा. "हळू, सुटेल, सुटेल!" असं ओरडत ती हसत होती. खेकडा बादलीत पडला तेव्हा तर तिनं टाळ्या पिटल्या. तसं हसताना फकिररावांनी तिला घरात कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं बापाला हाताला धरून पिंजरा दाखवला, दोर कसा बांधायचा, अंड्यांची मादी परत का सोडायची, असं बरंच काही सांगितलं. फकिरराव तिच्या तोंडाकडं बघत राहिले आणि त्यांना त्या समुद्राचा हेवा वाटला. इतकं पाणी, आणि घोटभर प्यायच्या लायकीचं नाही. ते एकटेच परत आले. कशाला गेला होतात, असं रूपानं, त्यांच्या बायकोनं, विचारलं तेव्हा त्यांनी देवदर्शनाला म्हणून सांगितलं.

चहा-पोहे झाले. पुढच्या खोलीत कडूबाईनं जयवंतीबाईंची उलटतपासणी सुरू केली.

"तुमच्याकडं पाण्याला काय कमी नसंल? समुद्रच हाये दारात."

"काहीच कमी नाही. प्यायला सोडून सगळ्याला पुरतं."

"आमच्याकडं खेकडे गरीब माणूस खातो, बरं का. ओढ्यात धरायचे आन् खायचे."

"आमच्याकडंपण गरीबच खातो. श्रीमंताला विकतो आम्ही."

कडूबाईनं पदर सावरला. रूपा आतून चहाचे कप न्यायला आली होती, ती भिंतीकडं तोंड करून हसली. गेला आठवडाभर ती नवऱ्याच्या बाजूची होती. तो कप उचलताना तिनं बाजू बदलली असावी.

ऊन चढलं तसे फकिरराव पुन्हा मागच्या अंगणात आले. जिन्याखालून बारीक फसफस ऐकू येत होती. त्यांनी गोणपाटाचं तोंड उघडून आत पाहिलं आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. एकूण एक खेकड्याच्या तोंडाला फेस आला होता.

आता तोंडाला फेस येणं म्हणजे काय, हे फकिररावांना कुणी शिकवायची गरज नव्हती. जन्म बैलांमागं गेला होता. बाजारातून आणलेलं जनावर दारात आलं की आधी पाणी दाखवायचं, मग कुंकू लावायचं, दाणावैरण त्याच्याही नंतर. हे पठाड्यांच्या घरात मुलं चालायच्या आधी शिकत. आणि ही मुकी जनावरं रात्रभर प्रवास करून, पाण्याचा थेंब न मिळता, नांग्या बांधलेल्या अवस्थेत, चैत्राच्या उकाड्यात फेस गाळत पडली होती. वर स्वतःला शिकलेली म्हणवणारी ती दोन पोरं आत बसून पोहे खात होती.

"काय माणसं हायेत का कोण," फकिरराव पुटपुटले.

त्यांनी निळ्या ड्रमावरचं झाकण काढलं. आठवडाभरानं आलेलं, गोडं, स्वच्छ, वरून टीसीएलची जंतुनाशक पावडर टाकून निर्मळ केलेलं पाणी. पाव्हण्या माणसालाही या घरात तांब्या अर्धाच भरून मिळायचा. फकिररावांनी एकेक खेकडा मागून धरून, ओढ्यातल्या लहानपणाच्या सवयीनं, अलगद त्या ड्रमात सोडला. सगळे खाली गेले, तळाशी एकमेकांवर बसले. फसफस थांबली. ऊन लागू नये म्हणून त्यांनी वर झाकणही घट्ट बसवलं. नकार द्यायचा तो दुपारी देऊच, पण पाहुण्यांच्या जनावरांची आबाळ पठाड्यांच्या दारात झाली असं कुणी म्हणायला नको. ते स्वतःवर फार खूश होऊन आत आले.

दुपारी रूपानं वाटण वाटलं. जयवंतीबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "आणा आता. साफ मी करते, तुम्ही बघा."

"म्या आणतो," म्हणत फकिरराव उठले.

ड्रमाचं झाकण काढून त्यांनी हात घातला आणि हाताला जे लागलं ते ओल्या चिंधीसारखं लोंबलं. दुसरा काढला, तोही तसाच. पाय सैल, बांधलेल्या नांग्याही ढिल्या, डोळे हलत नाहीत. तिसरा, चौथा. फकिररावांनी एकाला पालथा-उताणा करून हलवलं, फुंकरही मारली. सगळे मेले होते.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते साठीच्या माणसाला शोभणारं नव्हतं. त्यांनी सगळे खेकडे भराभर गोणपाटात कोंबले, गोणपाट होतं तसं जिन्याखाली सरकवलं, ड्रमावर झाकण लावलं, हात धुतले आणि आत येऊन म्हणाले, "रूपा, जरा पोराला पाठव. माही कंबर धरलीय."

सत्यम गोणपाट घेऊन आला. जयवंतीबाईंनी एक खेकडा उचलला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला. मग दुसरा. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"सगळ्या गेल्या," त्या म्हणाल्या. "मेलेली चिंबोरी आम्ही शिजवत नाही. विष असतं ते."

कडूबाईला नुसतं एवढंच हवं होतं.

"अगं बाई, सोयरिकीच्या दिवशी दारात मुडदे! फकिरा, बघतोस ना? आणखी काय इशारा पायजे देवाचा?"

"सकाळी जिवंत होत्या की," सत्यम गोंधळून म्हणाला. "मी स्वतः पाहिल्या."

"मी तुला म्हटलं होतं, बर्फाचा डबा घे," जयवंतीबाई मुलावर चिडल्या. "तू हिचं ऐकलंस. म्हणे, गोणपाटातच चांगल्या राहतात."

"राहतात, आई. माझंच काहीतरी चुकलं असेल. दुपारी पाणी शिंपडायला पाहिजे होतं."

"तुझं नाही, माझं चुकलं," श्रेया म्हणाली. ती खाली बसून एकेक खेकडा चाचपत होती. "मी मध्ये एकदा बघायला हवं होतं. गप्पा मारत बसले."

रूपा हंडा घेऊन ड्रमाकडं गेली होती. ती परत आली आणि नवऱ्याच्या कानाशी लागली.

"अवो, ड्रमात फेस कामून आलाय?"

"टीसीएल जास्त पडलं असंल," फकिरराव म्हणाले.

रूपानं त्यांच्याकडं बघितलं. तीस वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचं खोटं ओळखायला कधीच दोन क्षणांपेक्षा जास्त लागलं नव्हतं. तिनं हंडा खाली ठेवला आणि वाट बघत उभी राहिली.

"म्या स्पष्ट बोलते," कडूबाई आता खुर्चीवर सरसावून बसली होती. "जिला डझनभर खेकडे एक दिवस जिते ठेवता येईनात, ती परमुलखात संसार काय करनार? आन् ज्यांना आपल्या धंद्यातलं कळत नाय, त्यांनी आमच्या पोरीला काय सांभाळावं? बोलण्यासारखं काय राहिलं नाय. सिल्लोडला फोन लावते म्या."

जयवंतीबाई आपली पिशवी उचलून उभ्या राहिल्या. "सत्यम, गाडी काढ. जेवायचं वाटेत बघू."

फकिररावांचं काम किती सोपं झालं होतं! घसा खाकरायचीही गरज उरली नव्हती. नकार पाहुण्यांनीच आपल्या हातानं दिला होता आणि पठाड्यांच्या रीतीला धक्काही लागला नव्हता. आणखी थोडा वेळ तोंड बंद ठेवायचं, की पोरगी सिल्लोडला, तासा-दोन तासावर. त्यांनी तोंड बंद ठेवलं.

तेवढ्यात श्रेया उठली. हाताला खेकड्यांचं पाणी, डोळे लाल. ती सरळ बापासमोर येऊन उभी राहिली.

"अण्णा, तुमचंच बरोबर होतं. तीन वर्षं शिकते आहे आणि मला एवढंही जमत नाही. मला वाटलं होतं, मी तिथलीच झाले. तुम्ही म्हणाल तसं करू. मी बदलीचा अर्ज टाकते."

तिचा आवाज इतका मऊ, इतका शहाणा होता की फकिररावांनी तो ओळखलाच नाही. ही पोर सहावीत असताना शिक्षकांशी भांडून वर्गाबाहेर उभी राहिली होती. दहावीनंतर बापाला न विचारता कॉमर्सला नाव घालून आली होती. तीच आता मान खाली घालून अर्ज टाकते म्हणत होती. आणि फकिररावांच्या छातीत काहीतरी निवांत झालं, उन्हातून सावलीत यावं तसं. पोरगी घरी येणार. पोरगी हरली आणि घरी येणार.

"म्या मारले," ते म्हणाले.

"काय?" कडूबाई म्हणाली.

"खेकडे. म्या मारले. तोंडाला फेस आला होता त्यांच्या. मला वाटलं, तहानले. ड्रमात सोडले, नळाच्या पाण्यात. वरून झाकण लावलं."

सत्यम अगदी हळू म्हणाला, "पण काका, मी सांगितलं होतं की…"

"सांगितलं असशील. म्या ऐकत नव्हतो. महिना झाला, तुझं काहीच ऐकत नाय म्या."

"फकिरा, गप बस!" कडूबाई दातओठ खात म्हणाली. "कामून स्वतःच्या हातानं बेइज्जती करून घेतो? जमलेलं इस्कटू नको."

"जमलेलं नाय ते, आक्का. चोरलेलं हाये. मेले तेव्हाच कळलं मला. म्याच परत गोणपाटात भरले आन् कंबर धरून बसलो."

"प्यायच्या पाण्यात?" जयवंतीबाईंनी विचारलं. "ते आठवड्यानं येतं, त्या पाण्यात?"

"व्हय."

जयवंतीबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलले. त्या हसत होत्या की काय, ते फकिररावांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांनी हातातली पिशवी परत खाली ठेवली आणि बसल्या.

"मग आता उत्तर काय समजायचं आम्ही?" त्या म्हणाल्या. "सकाळपासून वाट बघतोय."

सगळ्यांचे डोळे फकिररावांवर आले. महिनाभर घोटून ठेवलेलं वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. ते त्यांनी गिळलं.

"मला इचारू नका. तिला इचारा."

"पोरीला?" कडूबाई किंचाळली. "आन् सिल्लोडवाल्यांना काय सांगू म्या?"

"सांग, पोरीचा बाप बहिरा हाये म्हणून."

श्रेयानं बापाकडं पाहिलं नाही. ती आधी एकदा परवानगीसाठी आपल्याकडं बघेल, असं त्यांना वाटलं होतं. तिनं सत्यमकडं पाहिलं आणि म्हणाली, "हो." एवढंच. मग ती हात धुवायला मागं निघून गेली. रूपानं पिठल्यासाठी कढई ठेवली. कडूबाई फोन घेऊन गच्चीवर गेली आणि तिथून बराच वेळ तिचा आवाज येत राहिला.

फकिरराव मागच्या अंगणात गेले. श्रेया दगडावर बसून ड्रमातलं नासलेलं पाणी मगानं झाडांना घालत होती. त्यांनी दुसरा मग घेतला आणि तिच्या शेजारी उभे राहिले. तेही झाडांना पाणी घालू लागले.

"अण्णा, मघाशी कळलं होतं तर आधीच का नाही सांगितलंत? मी सगळ्यांसमोर रडेपर्यंत थांबलात."

"तू घरी येशील म्हणून."

श्रेयाचा हात थांबला. ती रागावली होती, आणि ते तिनं लपवलं नाही.

"मग मी येते म्हणाले, तेव्हा बरं वाटलं तुम्हाला?"

फकिररावांना खोटं बोलता आलं असतं. आज त्याचा सरावही चांगला झाला होता.

"लई बरं वाटलं, बाई," ते म्हणाले. "म्हणून तर घाबरलो."